दुधीची रोपे मी मारली नाहीत

किलकेनी, रविवार, १८ मे

सूनबाईंनी आज पाहुण्यांना सांगितले, "बाबांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधला आणि दुधीची सगळी रोपं थंडीने गेली." पाहुणे हसले. हे विधान असत्य आहे. मुहूर्तावर मी फक्त बिया पेरल्या, त्याही घरात, खिडकीतल्या कुंड्यांमध्ये. रोपे अलॉटमेंटच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यातल्या, वाफ्यात लावली ती चिरंजीवांनी, दोन दिवस ऊन पडले म्हणून. मी बजावले होते, "रात्री दंव गोठेल, निदान कापड तरी घाल." त्यावर इथल्या आयरिश ढंगात उत्तर, "बाबा, मे महिना आहे, ग्रँड आहे सगळं." कापड कपाटात घडी घातलेलेच राहिले.

आज हे ऐकत तो शेजारीच बसून चहा पीत होता. पाहुणे गेल्यावर मात्र म्हणाला, "पुढे वाफ्याचं मी बघतो, तुम्ही दगदग करू नका." अलॉटमेंटच्या फाटकाची किल्ली मागितली. मी दिली. का दिली? ते कापड अजूनही कपाटातच आहे, त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही.

खरा क्रम असा:
३० एप्रिल : मी बिया घरात पेरल्या.
१३ मे : मुलाने रोपे बाहेर लावली.
१५ मे : दंव गोठले, रोपे काळी पडली.
१८ मे : किल्ली माझ्याकडून काढून घेतली.