कडी नसलेली दारं

१४ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, माफ कर. कादंबरीच्या गडबडीत होते, हे कारण खरं आहे; पुरेसं नाही.

कादंबरी छापून आली. तिच्यातल्या सुखी नगरात भांडणं नाहीत, कुणी उपाशी नाही आणि कुठल्याच दाराला आतून कडी नाही. माणसांचा एकमेकांवर विश्वास, म्हणून कडी नको, असं मला वाटत होतं. काल वाचनालयात तिच्यावर चर्चा होती. चारचौघांनी कौतुक केलं. मग मागच्या रांगेतून एक शिवणकाम करणारी बाई उठली. म्हणाली, "बाई, मी नाही हो राहायची तुमच्या नगरात. कपडे बदलायचे कुठे? रडायचं कुठे?" सगळे हसले. मीही हसले, पण पुस्तकांवरच्या सह्या अर्ध्यात सोडून निघाले.

तुला कधी सांगितलं नाही. मी आठ वर्षांची असताना माझी आई न्हाणीघरात पडली. कडी आतून. मी अर्धा तास दार बडवत होते. शेजारच्या काकांनी ते फोडलं तेव्हा उशीर झाला होता. इतकी वर्षं मी समजत होते, ते नगर मी विचार करकरून उभं केलं. ते त्या आठ वर्षांच्या पोरीनं बांधलंय गं.

घरी येऊन सात वर्षांपूर्वीची डायरी काढली. तू तेरा वर्षांची. 'ठमीच्या खोलीची कडी काढली. जेवली नाही. होईल सवय.' पुढची ओळ: 'पंखा दुरुस्त झाला.' बस, एवढंच! तू दाराला खुर्ची लावून झोपायचीस, ती सरकवल्याचा आवाज मला रोज यायचा. त्याची नोंद कुठेच नाही. दहावी होताच तू मावशीकडे गेलीस आणि मी सगळ्यांना सांगत राहिले, कॉलेज तिकडून जवळ पडतं.

परीक्षेसाठी पुढच्या आठवड्यात चार दिवस येतेस, लॉजवर उतरणार, असं तू लिहिलंस. आई इथे असताना लॉज! मला राग आला, म्हणून गप्प बसले. आज विनवते, घरी ये. आत गेलीस की दार लावून घे. बाहेरून हाक मारणार नाही, असं वचन माझ्याच्यानं देववत नाही. एकदा मारीन. तू नुसतं 'हं' म्हण.

तुझीच,
आई

(डायरीत, त्याच रात्री) उद्या: सुताराकडे जाणे, दहाच्या आत.