खांबावरची काच

३ नोव्हेंबर १९५२, सोमवार

खांब विझवला! कायमचा. बंदराच्या कचेरीतली दोन माणसं सकाळी लाँच घेऊन आली, दाजींकडून किल्ली मागून घेतली, कागदावर अंगठा घेतला आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही. ठाण्याच्या खाडीच्या वळणावरच्या त्या दगडी खांबावर दाजी रोज तिन्हीसांजेला होडीने जायचे, दिवा लावायचे आणि उजाडेपर्यंत तिथेच बसायचे. माझे सासरे ते, पण सगळा कोळीवाडा दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजीच म्हणते.

जेटीवर कागद चिकटवलाय. मी शाळामास्तरीण, तेव्हा वाचायचं माझ्याच गळ्यात! खांबावरचा स्थिर पांढरा दिवा बंद. खांबाखालची वाट गाळाने भरली, नावांनी तिथून जाऊ नये. त्याऐवजी वळणाच्या पलीकडे, समोरच्या काठाच्या बाजूला पाण्यावर तरंगता तांबडा दिवा. गॅसचा. आपोआप उघडझाप करणारा. मी मोठ्याने वाचलं, अर्थ सांगितला. लोकांनी तंबाखू मळली.

दाजींनी एवढंच विचारलं, "तांबड्यापाशी रातचा बसतं कोन?"

"कोणी नाही. आपोआप चालतो."

"मंग तो इझला त कोनाला कलल?"

मी कागद वरपासून खाली पुन्हा वाचला. तेवढं मात्र त्यात नव्हतं.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकदम लक्षात आलं आणि हात पिठातच राहिले. हे! हे तर दसऱ्यानंतर मचवा घेऊन काठेवाडच्या बाजूला गेलेत, चार गडी बरोबर घेऊन. सुकी मासळी भरून अवसेच्या सुमारास परत यायचे. काळोखातच येणार. आणि खांबाच्या दिव्यावर नाक धरून त्या गाळात शिरणार. ह्यांना कोण सांगणार?

४ नोव्हेंबर

काठेवाडात ह्यांचा मचवा लागतो त्या जाफराबादच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. कोळ्यांच्या वस्तीतल्या कोणाच्याही हाती द्यावं म्हणून लिहिलं. ह्यांना वाचता येत नाही, कोणीतरी वाचून दाखवेल. दाखवेल ना?

नाव लिहिताना हात अडला. घरात मी कधी घेत नाही. कागदावर घेतलं. मोरू. मोरेश्वर. बघ, घेतलं! काही आभाळ कोसळलं नाही.

कार्डात एक गोष्ट लिहायची राहिली, तीच खरी अडचण आहे. दाजींची एक खूण आहे, सरकारी नाही, त्यांची स्वतःची. लांबून घरची नाव कंदील हलवते, तो दिसला की दाजी खांबावरच्या दिव्यावर कांबळं टाकून काढतात. तीनदा. मगच आमचे तांडेल नाव आत घालतात. लग्न झाल्यावर मी ह्यांना चिडवलं होतं, दिवा दिसतोच की, मग कांबळ्याचा खेळ कशाला? म्हणाले, "दिवा कोनालाबी दिसतो गो. कांबला टाकला म्हंजे बा नं मना बघितला."

तांबडा दिवा ह्यांना बघणार नाही. मग हे त्याच्याकडे का वळतील?

६ नोव्हेंबर

तार करायला गेलेले. तारमास्तर म्हणाला, "मचव्याचा पत्ता काय?" मचव्याला पत्ता असतो का! शेवटी जाफराबादच्या बंदरावर केली. "खांब बंद, तांबड्या दिव्याने या." तारमास्तरने दोनदा माझ्याकडे पाहिलं. वेडी समजला असेल. समजू दे.

दाजी दिवसभर पडवीत बसून असतात. हातांना काम नाही. जुना दिवा भंगार म्हणून कचेरीवाले इथेच टाकून गेले, तो पुसत बसतात. पितळ चकाकतंय नुसतं.

९ नोव्हेंबर, रविवार

माझा भाऊ तानाजी कोपरहून आला. त्याला घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेले. प्रत्येक नावेला विचारत फिरले. बायका हसल्या. हसू देत. शेवटी सातपाटीचा एक म्हातारा तांडेल भेटला.

"मोरू? ठान्याचा? तो भरून निंगाला बाय. वाऱ्यानं साथ दिली त अवसेला घरी."

निघाले! म्हणजे कार्ड गेलं वाया, तार गेली वाया. आता ते पाण्यावर आहेत आणि पाण्यावर माझं काही चालत नाही. तानाजी म्हणाला, "ताई, दाजींचा मुलगा आहे तो, खाडी पाठ आहे त्याला." तेच तर! पाठ आहे म्हणूनच बुडेल. जी खाडी पाठ आहे ती आता तिथे नाही!

११ नोव्हेंबर

आमच्या कोळीवाड्यातल्या नाथाची होडी गेली.

तो उत्तनच्या बाजूला गेलेला, त्याला दिवा बदलल्याचं माहीतच नव्हतं. परत येताना वळणावर गाळात रुतली, ओहोटीच्या ओढीने आडवी झाली. नाथा पोहत आला. त्याचा धाकटा भाऊ राघो जाळ्याखाली अडकला. अजून सापडला नाही.

नाथा जेटीवर ओला बसून एकच बोलत होता, "खांब नाय दिसला. तांबडा काय तरी लुकलुकत व्हता, मना वाटला लाँच हाय. मी अंदाजानं जुन्या वाटनं घातली."

जुन्या वाटेनं.

१२ नोव्हेंबर

राघो मिठागराच्या बांधाला लागला.

१३ नोव्हेंबर

देवळापुढे सगळे जमले. राघो गेला कारण खांब काळोखात होता, एवढं एकच सगळ्यांच्या तोंडी. ठरलं की जुना दिवा पुन्हा खांबावर न्यायचा. सरकार गेलं खड्ड्यात. दाजी उद्यापासून बसणार.

मी उभी राहिले. म्हटलं, "नाथाभाऊ जुन्याच वाटेने आले ना? तिथेच रुतले ना? खांब पेटला तर सगळ्यांना तुम्ही त्याच गाळात बोलावणार!" नाथाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले. काल त्याने भावाला जाळलंय.

तेवढ्यात हौसाबाई आली. राघोची आई. हातात दिव्याच्या तेलाची बाटली. दाजींच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "तुजा मोरू तरी घरला येव दे."

त्या बाटलीपुढे मी काय बोलणार? बरोबर मी आहे, आणि तोंड दाखवायची लाज मलाच वाटली.

१४ नोव्हेंबर

दुपारी दाजींना हात जोडले. अक्षरशः पाय धरले. म्हटलं, एकदा खांबाखाली काठी घालून बघा पाणी किती उरलंय. तर म्हणाले, "मना पानी शिकवतेस, सूनबाय? मी या खाडीनं म्हातारा झालो."

"मग ह्यांना मारा! स्वतःच्या हाताने मारा!"

असं बोलले मी. सासऱ्यांना. दाजी उठून आत गेले.

मग मी केलं ते केलं. खांबावरच्या दिव्याची काच – जाड, उंच, विलायतेहून आलेली, तशी दुसरी इथे कोणाकडे नाही. तिच्याशिवाय खाडीच्या वाऱ्यात तो दिवा टिकत नाही. पदराखाली घेतली आणि शाळेत नेऊन नकाशांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

१५ नोव्हेंबर

काल दिवा लावायच्या वेळेला कळलंच. शोधाशोध झाली. मांजराला शिव्या झाल्या. मी सांगून टाकलं – मी घेतली, देणार नाही.

सासूबाई किंचाळल्या, "नवरा दर्यान, आन् हिनं घरचा दिवा इझवला! माज्या चुलीला हात लावू नको!" माझी सासू आवडाबाई म्हणजे कोळीवाड्यातली सगळ्यात मऊ बाई. एवढ्या वर्षांत मला कधी अगं-तुगंही जोरात केलं नव्हतं. विहिरीवर गेले तर बायका बाजूला झाल्या, जशी मी आत्ताच पांढऱ्या कपाळाची झाले. दाजींनी नुसतं पाहिलं. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

आणि आता, सगळे ओरडून थकल्यावर, मला एक गोष्ट दिसतेय. खांब काळोखात होता तरी नाथा जुन्याच वाटेने आला. मग हेही येतील! दिवा लावला तर गाळात, नाही लावला तरी गाळात. काच लपवून मी अर्धंच काम केलंय. ह्यांना तांबड्याकडे वळवणारं कोणी नाही. मी तरी काय करू? किनाऱ्यावर उभी राहून ओरडू? वळणापलीकडे आवाज जात नाही.

माझं चुकलं असेल तर? कागदच चुकीचा असेल तर?

१६ नोव्हेंबर, रविवार

दाजी गेले. संध्याकाळी होडी काढली, घरचा कंदील घेतला, कांबळं घेतलं, पाण्याची कळशी, चार भाकऱ्या. कोणाशी बोलले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "गेला खांबावर. घरचा कंदील लावल. घे, आता तोबी लपव!" आणि मग त्याच रडायला लागल्या.

म्हणजे संपलं. कंदील आडोशाला धरला तर टिकेल. वर दाजी कांबळं टाकतील, तीनदा, आणि हे आनंदाने वळतील. बापाने बघितलं म्हणून! त्याच खुणेवर जीव जायचा. मी उंबऱ्यावर डोकं आपटलं. खरंच आपटलं, कपाळाला टेंगूळ आलंय.

१७ नोव्हेंबर, अवस

तिन्हीसांजेला मिठागराच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तिथून खांब समोर दिसतो, वळणापलीकडचं काही दिसत नाही. काळोख. एक ठिपकासुद्धा नाही. काल दाजी गेले, मग कंदील का नाही? सकाळी नीट बघितलेलं, खांबाला होडीही बांधलेली नव्हती.

तानाजीला निरोप धाडलेला, तो सकाळीच आलेला. त्याने दुपारी होडी मागून घेतली, खांबापर्यंत जाऊन आला. माणूस नाही, होडी नाही. पुढे ओहोटी लागली म्हणून परतला.

काल त्यांनी दिवा लावू नये म्हणून नवस बोलले. आज लावावा म्हणून बोलते आहे. खांबावर उजेड दिसला असता तर निदान ते जिवंत आहेत एवढं तरी कळलं असतं. मी बोललेलं शेवटचं वाक्य – स्वतःच्या हाताने मारा! देवा, ते वाक्य परत घे. मला म्हाताऱ्याशी भांडायचं होतं, त्यांना घालवायचं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

शाळेतून काच आणून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पदराने पुसली, कोनाड्यात ठेवली.

दोघं नाही तर एकाला तरी पाठव. कोणालाही. मी निवडत नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ

आले! हे आले! मचवा जेटीला लागलाय, मासळीने भरलेला, पाठीमागे दाजींची होडी बांधलेली. होडीत कोणी नव्हतं आणि मी तिथेच खाली बसले. तेवढ्यात ह्यांनी मचव्यातून दाजींना हाताला धरून उतरवलं. थंडीने ओठ काळेनिळे, पण आपल्या पायांनी चालत होते.

हे म्हणाले, "मी खांबाकडंच घालत व्हतो. तवर पल्याड तांबड्याच्या पायाशी कंदील दिसला. त्याच्यावर कांबला पडला. तीनदा. मंग मी तिकडं वललो."

दाजी तांबड्या दिव्याला होडी बांधून बसले होते. सगळ्या रात्री तिथेच!

माझ्यासमोर थांबले. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. "मोजला मी, सूनबाय. उघडतो, झाकतो. एकदाबी चुकला नाय तुजा दिवा. फकस्त त्याच्यापाशी मानूस नव्हता."

मी उठून उभी राहिले. सासूबाईंनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "उबी काय? चुलीवर पानी ठेव त्यांना."