मयताच्या नावाने मागितलेले पाणी

मी, पुतळाबाई कमळाकर गायकर, वय वर्षे शहात्तर, धंदा शेती, राहणार जांभूळ, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण म्हातारीचे डोके ठिकाणावर नव्हते असे म्हणायची माझ्या मुलांना हौस आहे. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायला बरेच जण आले आणि चहा पिऊन गेले.

१. राहते घर माझ्या दोन्ही मुलांना, भूपेश आणि सुयोग यांना, निम्मे निम्मे. मधली भिंत आहेच. माझ्या आजारपणातसुद्धा ती ओलांडून दोघांपैकी कोणी आले नाही, तेव्हा पुढेही तिला दार पाडायची गरज नाही.

२. पोस्टातली शिल्लक सुयोगच्या मुलीला, जिज्ञासाला, शिक्षणासाठी. तिच्या बापाने त्यातून मोबाईल घेऊ नये. त्याच्याकडे दोन आहेत आणि दोन्हींत डोके घालून तो दिवसभर पडून असतो.

३. थोरला भूपेश बदलापुरात प्लॉट विकतो. पांढरे बूट घालून येतो आणि बांधावर उभा राहून शेत बघतो. त्याला माझे गमबूट द्यावेत. मापाचे होणार नाहीत, पण त्याला कुठे घालायचे आहेत?

४. नदीकाठची एक एकर दहा गुंठे जमीन माझ्या पतीने अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या करून स्वकष्टाने घेतली आणि नोंदणीकृत मृत्युपत्राने एकट्या मला दिली. ती वडिलोपार्जित नाही. मुलांनी उगाच वकिलाचे घर भरू नये. ही जमीन, नदीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप आणि सर्व पाईप मी माझी धाकटी सून संजीवनी सुयोग गायकर हिला देत आहे.

आता हे का, ते लिहिते, म्हणजे माझ्यामागे तर्क लढवायला नकोत.

नदी दारात असली तरी तिचे पाणी उचलायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. हंगाम येण्याआधी मुदतीत मागणीचा अर्ज द्यावा लागतो, कोणते पीक आणि किती गुंठे ते लिहावे लागते, पाणीपट्टी भरावी लागते. जमिनीचा मालक बदलला तर परवानगीही नव्या मालकाने आपल्या नावावर करून घ्यायची असते. हे माझ्या मुलांना माहीत नाही. मला कोणी कधी विचारले नाही की पाणी कसे येते. जमिनीचा भाव मात्र दोघांना तोंडपाठ आहे.

भूपेशला मी एकदा सांगायला गेले, तर म्हणाला, "आये, पानी कनाला मांगतंस? बंद झाला त बरा. पडीक जमिनीला गिऱ्हाईक लवकर मिलतं." पोटचा मुलगा हे आईच्या तोंडावर बोलतो. पाणी तुटले की जमीन पडीक, पडीक झाली की प्लॉट, एवढीच त्याची शेती.

५. माझी चूक मीच लिहिते. दुसऱ्या कोणी लिहिली तर तिखटमीठ लावेल.

माझे पती सन २०१३ मध्ये वारले. जमीन माझ्या नावावर करायची तर सातबाऱ्यावरून त्यांचे नाव कमी करावे लागणार होते. माझ्याच्याने ते होईना. त्यांचे मृत्युपत्र मी पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवले आणि पाण्याच्या अर्जावर त्यांच्या नावाने मीच सही करू लागले. आमच्या पिढीत बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते घेतले नाही. पहिल्या अर्जावर सही करताना मी दार लावून घेतले. पुढे पुढे मी अर्जाच्या दिवसाची वाट पाहू लागले. रब्बीला एकदा आणि उन्हाळी पिकाला एकदा, त्यांचे नाव माझ्या हातून उमटायचे. मला बरे वाटायचे.

नऊ वर्षे मेलेला माणूस भेंडी-काकडीला पाणी मागत होता आणि कचेरी ते मंजूर करत होती. मान वर करून कोणी विचारले नाही की हा जिवंत आहे का. पट्टी वेळेवर भरली की तुम्ही जिवंत, असा तिथला शिरस्ता दिसतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तपासणी आली. ती आणली शेजारच्या विनीतने. हा स्वतः परवानगीशिवाय पाणी उपसून इमारतींच्या कामाला टँकर पुरवतो, आणि तक्रार करतो माझी. चोराच्या उलट्या बोंबा. साहेब पंपाजवळ उभे राहून म्हणाले, "कमळाकर गायकर कुठे आहेत? सहीला बोलवा."

मी म्हटले, "तुम्हीच बोलवा. मी त्यांना नावाने हाक मारत नाही."

विनीत मागून हसला. "साहेब, म्हातारा जाऊन नव वरसा झाली!"

पंपाला सील लागले. विनीतला माझ्या पंपाच्या पाईपचा गंजलेला फूटव्हॉल्व द्यावा. त्यातून पाणी खाली गळते, वर चढत नाही. त्याच्या अकलेचेही तेच आहे.

६. संजीवनीला मी सतरा वर्षांत एक चांगला शब्द बोललेले नाही. विठ्ठलवाडीच्या चाळीतली मुलगी. तांदळाची भाकरी तिला आजही तव्यापर्यंत धड नेता येत नाही. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या झेरॉक्सच्या दुकानात ती लोकांचे अर्ज टाईप करते, आणि त्यावरूनही मी तिला पुष्कळ टोमणे मारले. पंपाला सील लागल्यावर माझे दोन्ही मुलगे गप्प बसले. ही दुकान सुटल्यावर आली आणि पेटी उघडायला लावली. माझ्या पतीचे मृत्युपत्र वाचले, जुन्या अर्जांच्या प्रती पाहिल्या.

"आई, सही कोणाची आहे ही?"

"माझी."

"अक्षर छान आहे तुमचं. पण आता तुमच्या नावाने करा. बाबांना सोडा आता."

मी तिला घरातून हाकलले. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तीन तीन प्रती काढून. तलाठी, तहसील, पाटबंधारे, सगळीकडे तीच गेली. दंड भरायला लावला, माफीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. फेरफाराच्या नोटिशीत "मयताचे नाव कमी करणे" असे छापून आले, त्या दिवशी मी पोटभर रडले. माझ्या नावाची परवानगी जुलैत हातात पडली, नदी काठोकाठ भरलेली असताना. काकडीचा मांडव कधीच वाळून गेला होता. त्या वेलांचा दोष माझा आहे, विनीतचा नाही आणि कचेरीचाही नाही.

हे सगळे तुला देणार म्हणून मी तिला सांगितले. ती म्हणाली, "नको आई. तुमची मुलं मला जगू देणार नाहीत." तरीही देत आहे. नको असलेल्या गोष्टी माझ्याकडून मुकाट घ्यायची तिला सतरा वर्षांची सवय आहे. ही एक शेवटची घ्यावी. जो मुलगा याविरुद्ध कोर्टात जाईल, त्याचा घरातला हिस्साही तिलाच जाईल.

७. संजीवनीसाठी सूचना. अर्ज स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मंजूर गुंठ्यांच्या बाहेर एक वाफाही भिजवू नये, आणि टँकरला पाणी देऊ नये, कोणी पायावर डोके ठेवले तरी. माझे नाव कमी करायचा अर्ज मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी द्यावा, आणि पाण्याचा दहाव्याच्या आत. रडायचे असेल तर खिडकीपुढच्या रांगेत रडावे, वेळ तिथे भरपूर मिळतो.

८. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर माझे मुलगे घाबरून हात जोडतील आणि "आये, तुझी इच्छा पुरी करू" म्हणत भलभलते कबूल करतील. त्यांना कोणी बोलू देऊ नये. संजीवनीने पुढे यावे, तिच्या नावाने केलेल्या पाण्याच्या अर्जाची पोच पिंडाजवळ ठेवावी, आणि बाजूला उभे राहावे. कावळा येईल.

हे मी लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: पुतळाबाई कमळाकर गायकर

साक्षीदार, ज्यांना यातले काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी मागितलेही नाही:
१. बनूबाई आण्णा भोपी, जांभूळ (डाव्या हाताचा अंगठा)
२. सुजित महेश टेंबे, पंप दुरुस्ती, मोरिवली (सही)

ठिकाण: जांभूळ
दिनांक: २६ सप्टेंबर २०२५