घरमालकिणीचा फोन नंबर

१२ एप्रिल, शनिवार

आज लोइकबरोबर भाड्याची तीन घरं बघितली. पहिलं साडेतीन खोल्यांचं म्हणून जाहिरात होती. अर्धी म्हणजे बाथरूम, तेवढी मात्र पुरी होती. बाकीच्या तीन शोधाव्या लागल्या. दुसऱ्या घरात मांजराचा वास. तिसरं चांगलं होतं.

"फाब, कसं वाटतंय?" लोइकने विचारलं.

चांगलं आहे म्हटलं. उजेड चांगला होता हे खरं. मला मात्र काही वाटलं नव्हतं.

लोइक प्रत्येक घरात मोजपट्टीची फीत काढतो. भिंत, खिडकी, फ्रिजची जागा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी फितीचं दुसरं टोक धरून त्याच्या मागे मागे.

तिसऱ्या घराचा फॉर्म तिथेच भरला. 'सध्याच्या घरमालकाचं नाव व फोन.' मी लिहिलं – ह्युगेट लाकास. घरमालकीण खरीच आहे. दर एक तारखेला मी भाड्याचा चेक वरच्या मजल्यावरून खाली नेऊन देते, ती चष्मा लावून तो वाचते. ती माझी आई आहे हे फॉर्मवर कुठे विचारलेलं नाही.

"तुझं आडनाव मार्शिल्दों, तिचं लाकास. कुणाच्या बापाला कळतंय!" – लोइक. आमच्याकडे बायका लग्नानंतरही आपलंच नाव लावतात, त्याचा हा असा फायदा. लोइक स्वतः दोन मित्रांबरोबर राहतो, भाडेकरारावर त्याचं नावच नाही. म्हणजे नव्या मालकाने चौकशीचा फोन केला तर चांगलं सांगायला आमच्याकडे एकच माणूस. आई.

१५ एप्रिल

तिसऱ्या घराचा नकार आला. 'दुसऱ्या कुणाला दिलं.' लोइकचं तोंड उतरलं. मी बटाटे सोलले.

२० एप्रिल, ईस्टर

खाली आईकडे जेवण. हॅम, अननसाच्या चकत्या लावून. लोइकने तीनदा घेतलं.

आईने विषय काढलाच. "वरची जागा काय वाईट आहे? दोघं आरामात मावाल."

"मादाम लाकास, मला घरजावई नाही व्हायचं."

"घरजावई कसला? भाडं घेईन की तुझ्याकडून."

"आणि रोज सासूच्या डोक्यावर चालायचं? तेही बूट घालून?"

आई हसली. ते दोघं हसतायत हे बघून मीही हसले.

मग आई माझ्या साखरपुड्याच्या अंगठीवर घसरली. "आजकाल इथे लग्न करतं कोण! माझ्या मैत्रिणींच्या मुली दोन-दोन पोरं झाली तरी तशाच राहतात. हिलाच मेलीला हौस." हौस मला नव्हती, लोइकला होती. त्याने विचारलं, मी हो म्हटलं. 'नाही' म्हणण्यासारखं काही सापडलं नाही.

लोइक गेल्यावर मी आणि आईने टीव्हीवरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बघितला. बाबा गेल्यापासून रोज संध्याकाळी बघतो. उत्तरं ती मोठ्याने देते, मी मनात देते.

२७ एप्रिल

रोझमों भागातलं घर. मालकीणबाई खूश. लोइकने गळका नळ तिथल्या तिथे बंद करून दिला. "असाच भाडेकरू हवा," म्हणाल्या.

३० एप्रिल

रोझमोंचा नकार. कारण सांगितलं नाही.

४ मे

विलरे भागातलं घर. मिस्टर कार्बोने, सत्तरीचे, खाली स्वतः राहतात. मागच्या अंगणात टोमॅटोसाठी काठ्या आत्ताच रोवून ठेवल्यात, अजून रात्री गोठतं तरी. घरी केलेली वाइन पाजली. लोइकला म्हणाले, "कुत्रा नसला म्हणजे झालं. बाकी बाळं होऊ देत पाहिजे तेवढी." लोइक लाल झाला. साडेचारचं घर, मागे गॅलरी. लोइकने गॅलरीही मोजली, दोन खुर्च्या आणि एक कुंडी मावते.

परत येताना बसमध्ये त्याने माझा हात धरला. हात गरम होता. माझाही असावा.

८ मे

कार्बोनेंचाही नकार! फोनवर तुटक बोलले म्हणे. लोइक म्हणतो, आपल्यात काय कमी आहे? दोघांना नोकरी, सिगारेट नाही, कर्ज नाही. तो खरंच मला विचारत होता. मी म्हटलं, माहीत नाही.

१० मे

लोइकच्या मित्रांनी त्याच्या खोलीत दुसऱ्याला घेतलं. एक जुलैपासून, इथे सगळ्यांचे भाडेकरार त्याच दिवशी बदलतात. म्हणजे त्या दिवशी अख्खं शहर फ्रिज पाठीवर घेऊन जिन्यांवरून चढत-उतरत असताना हा बॅगा घेऊन फुटपाथवर.

"एक जुलैला मी तुझ्या आईच्या पायरीवर बसून राहीन," म्हणाला. हसत म्हणाला, आणि मग पुन्हा जाहिराती चाळायला लागला.

१७ मे

दोन घरं. दोन्ही वाईट. बरं वाटलं. का बरं वाटलं ते कळलं नाही.

२४ मे, शनिवार

लोइकची फीत हरवली होती. कार्बोनेंच्या गॅलरीत राहिली असणार असं तो किती दिवस म्हणत होता. त्याला ड्युटी होती म्हणून मी गेले.

मिस्टर कार्बोने टोमॅटोची रोपं लावत होते. फीत काढून दिली, पुसून ठेवली होती. आणि म्हणाले, "पोरी, माणसं वाईट नव्हतात तुम्ही. पण मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, कुत्रा नको."

"आमच्याकडे कुत्रा नाही."

"म्हाताऱ्याला कशाला फसवतेस? तुझ्या घरमालकीणबाईंनीच सांगितलं. मोठा आहे, दिवसभर भुंकतो, दाराची लाकडं खाल्ली. फार सभ्य होत्या बाई. तुझी निंदा करताना त्यांना वाईट वाटत होतं हे कळत होतं."

मी म्हटलं, बरं. फीत पर्समध्ये ठेवली. त्यांनी जाताना तुळशीचं रोप दिलं, स्वयंपाकात घालतात त्या इटालियन तुळशीचं. मी धन्यवाद म्हटलं.

वाटेत एका दुकानात शिरले आणि दूध घेतलं. घरी दूध होतं.

२५ मे

आईला विचारलं. ती ओट्यावर नेहमीचाच तिचा थरांचा प्रकार करत होती – खाली खिमा, मध्ये मका, वर कुस्करलेला बटाटा. मी खुर्ची ओढून बसले.

"आई, कार्बोनेंना कुत्र्याचं तू सांगितलंस?"

तिने बटाटा पसरवणं थांबवलं नाही. "हो."

"आणि रोझमोंच्या बाईंना?"

"भाडं उशिरा देता म्हटलं. ते म्हणताना जड गेलं गं. एकदाही उशीर केला नाहीस तू."

"आणि त्याआधीच्या, उजेडाच्या घराला?"

"लोइक ड्रम वाजवतो." मग म्हणाली, "ते मला त्याच वेळी सुचलं."

मी वाट बघत होते, आता राग येईल. आला नाही.

आई भांडं ओव्हनमध्ये ठेवून समोर बसली. "घर बघून आलीस की तू इथे येऊन नुसती बसतेस. एक अक्षर नाही. नवं घर बघून आलेली मुलगी अशी दिसते का? म्हटलं हिला थोडा वेळ मिळू दे." मग – "आणि मला एकटीला राहायचं नाही, तेही आहे. खोटं कशाला बोलू."

"खोटंच बोललीस की चार आठवडे."

"ते परक्यांशी," आई म्हणाली.

नंतर तिने वाढलं आणि मी जेवले. दुसऱ्यांदाही घेतलं. जाताना दारात तिने विचारलं, "त्याला सांगणार आहेस?" मी म्हटलं, बघू.

२६ मे

लोइकला सांगितलं नाही.

२९ मे

अजून सांगितलं नाही. फीत दिली तेव्हा त्याने मला उचलून गोल फिरवलं. साधी फीत.

३ जून

आज आमच्या चष्म्याच्या दुकानात एका बाईंच्या डोळ्यांचा नंबर तपासत होते. काचा बदलायच्या आणि विचारायचं – हे बरं की ते? हे की ते? बाई म्हणाल्या, "मला दोन्ही सारखंच दिसतं हो. चुकीचं उत्तर दिलं तर काय होईल?" मी म्हटलं, चुकीचं उत्तर नसतं, जे दिसतं ते सांगायचं. हे मी दिवसातून वीस वेळा सांगते.

७ जून, शनिवार

लोइकचा हिशोब – पंधरा घरं, चोवीस दिवस बाकी. त्याला आता नीट झोप लागत नाही. एरवी कसा गडी, जिथे टेकेल तिथे घोरतो.

म्हणाला, "फाब, रागावू नकोस. तुझी आई फोनवर जरा तुटक बोलते. लोकांचा गैरसमज होत असेल. यापुढे तुझ्या दुकानाच्या मालकीणबाईंचा नंबर देऊ या. आठ वर्षं ओळखतात तुला."

किती जपून बोलला. आईच्या वाट्याला एवढाच आरोप – तुटक बोलते. मी म्हटलं, ठीक आहे. बाईंना विचारलंही. "दे की, तुझं कौतुक करायला मला काय पैसे पडतात?" म्हणाल्या.

१२ जून

वेर्दां भागातलं घर. नदीपासून दोन गल्ल्या. साडेचारचं, वरचा मजला, बाहेरून वळत जाणारा लोखंडी जिना. मालकीण मादाम थिबो, कमी बोलतात. त्यांची जुनी भाडेकरीण ऐन वेळी गावी परत गेली, म्हणून एवढ्या उशिरा रिकामं.

लोइकने फीत काढलीच नाही. खिशात हात घालून स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "हे." एवढंच. मग खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ बाहेर बघत राहिला. रडत असावा. चांगला माणूस आहे. हे मी लिहून ठेवते, कारण हे मला दिसतं, माहीत आहे, आणि तरी आत काही हलत नाही.

मादाम थिबोंनी फॉर्म दिला. लोइक खिडकीशीच होता. नाव, नोकरी, पगार भरलं. सध्याच्या घरमालकाचं नाव व फोन.

दुकानाच्या बाईंचा नंबर दुसऱ्या कागदावर लिहून आणला होता, पर्समध्ये होता. मी लिहिलं – ह्युगेट लाकास. खाली आईचा नंबर, पाठच आहे. हात थांबला नाही.

आई काय सांगेल ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिला.

१३ जून

सकाळी भूक लागली. चार स्ट्रॉबेऱ्या खाऊन बघितल्या आणि मग अख्खी टोपली संपवली. या वर्षीच्या पहिल्या. गोड आहेत.

१४ जून

नऊ तास झोपले.

खाली आईकडे कार्यक्रम बघितला. फोन आला का विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. एका प्रश्नाचं उत्तर मी मोठ्याने दिलं. आई वळून बघायला लागली.

१६ जून

दुकानात फोन. लोइक. मागे लिफ्टच्या मोटरचा आवाज, तो ओरडून बोलत होता. घर मिळालं! मादाम थिबो म्हणाल्या म्हणे, वीस वर्षं घर भाड्याने देतेय, पण कुणाबद्दल इतकं मनापासून सांगितलेलं कधी ऐकलं नाही. "तुझ्या दुकानाच्या बाईंनी कमाल केली! त्यांना फुलं नेऊन दे."

मी म्हटलं, नेते.

मग उरलेला दिवस काचा बदलत राहिले. हे बरं की ते.

१७ जून

आई दारातच उभी होती, केस विंचरून. "या वेळी ड्रम नाही, कुत्रा नाही. म्हटलं, अशी पोर पोटी यायला नशीब लागतं. मग जीभ चावली, भाडेकरू म्हटलं. सगळं कळूनही तू माझाच नंबर दिलास, फाबिएन. एवढा विश्वास! लाज वाटली गं मला."

मी तिथेच पायपुसण्यावर बसले आणि रडायला लागले. किती मोठ्याने ते समोरची बाई गॅलरीत आली तेव्हा कळलं. आई पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटलं आनंदाचं आहे.

"आई," मी म्हटलं, "नंबर त्यासाठी नव्हता दिला."