खिडकीकडे वळवलेला डबा

मास्तर, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. स्टेशनच्या तारघरात आता तुमच्या टेबलावर बसतो त्या बाबूला तुमचं नावही ठाऊक नाही. लिहायला कारण माझा मुलगा. तो मॅट्रिक झाला. मुंबईत हिशेब करणारं एक यंत्र आलं आहे, कॉम्प्युटर म्हणतात, त्यावर काम करायचं त्याने मनात घेतलं आहे. गणित घेऊन बी.एस्सी. करायची, मग जिथे यंत्र आहे तिथे जायचं, असा त्याचा बेत. माझं म्हणणं होतं, नंदुरबारात नोकरी धर आणि ही विद्या घरी बसून पुस्तकातून शीक. मी तार तशीच शिकलो. पुस्तकसुद्धा मीच टपालाने मागवून दिलं. त्यावर चुलीपुढून त्याची आई म्हणाली, "भाकर थापानं बी पुस्तकमा लिखेल शे का?" मुलाने विचारलं, "आप्पा, तुम्हले कोणी शिकाडं?" मी म्हणालो, "कोणीच नई." हे उत्तर मी आजवर सगळ्यांना देत आलो.

रनाळ्याहून मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा विशीत होतो. तारेचा सगळा तक्ता पाठ, प्रत्येक अक्षराच्या टिंब-रेघा न अडखळता म्हणून दाखवल्या. तुम्ही पान चघळत शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, मग तारेच्या किल्लीवर बोट ठेवून एक शब्द वाजवलात. मला एक अक्षर लागलं नाही. तो शब्द माझ्या गावाचं नाव होता. "यामा टिंब कोठे शे? दाखाड माले," तुम्ही म्हणालात. खरंच नव्हतं. त्या यंत्रात फक्त दोन खटके वाजतात, आणि त्यांच्यामधलं अंतर कमी की जास्त एवढंच ओळखायचं असतं. पुष्कळ जण तारेत टिंब ऐकू येतं असं सांगतात, ते चूक आहे. "तू डोयाघाई शिकना. आते तक्ता इसर, कानघाई शिक." म्हणजे डोळ्यांनी शिकलेलं विसरून मी कानांनी शिकायचं. तिथला पोर्टर हसला. मी नमस्कार न करता बाहेर पडलो आणि पुन्हा तुमची पायरी चढायची नाही असं ठरवलं.

पायरी चढलो नाही, पण खिडकीबाहेरच्या बाकावर येऊन बसू लागलो. बाक रेल्वेचा, कोणीही बसावं. मे महिना आहे, फलाटावरून झळा येताहेत, तिकीटघराची खिडकी बंद, पार्सलची बंद, तुमची उघडी. आवाज मोठा व्हावा म्हणून तुम्ही यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा बसवला होता. त्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाकडे असावं लागतं. दुपारी लाइन मोकळी असली की आत सरावाची किल्ली सुरू व्हायची, संथ, एकेक अक्षर सुटं. काही आठवड्यांनी तिचा वेग वाढला. एकदा पोर्टर म्हणाला, "मास्तर, डबानं तोंड उलटं शे." "ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात, "माले आयकू येस." पावसाळा सरता सरता बाकावर बसून मला अख्खी तार घेता येऊ लागली. तारेची नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन आलो नाही. तुम्हीही कधी विचारलं नाही.

परवा मुलाला म्हटलं, काय शिकलास ते दाखव. त्याने यंत्राला द्यायच्या सूचना कागदावर ओळीने लिहिल्या होत्या. अक्षर स्वच्छ, खाडाखोड नाही. मी विचारलं, "हाई बराबर शे का?" तो म्हणाला, "माले काय माहित, आप्पा? ते यंत्रच सांगी." मी कागद घडी करून परत दिला आणि म्हणालो, कॉलेजात नाव घाल. आईने त्याच्या पेटीत दशम्या भरायला घेतल्या आहेत. तो उद्याच्या गाडीने निघतो.

मी होकार का दिला ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपला बाप आपला आपण शिकला असंच त्याला अजून वाटतं. डब्याचं तोंड बाकाकडे होतं, मास्तर. ते मला पहिल्याच दुपारी दिसलं होतं, आणि रोज येऊन बसण्याआधी मी ते बघून घेत असे.