सोंड कापायच्या आधी

अल्लीपूर,
गणपती नदीत शिरवल्यानंतरचा मंगळवार, १९७८

सोयऱ्यांत सोयरे मधुकरराव यांस रूपरावचा दोन्ही हात जोडून रामराम. बोरगाव मेघ्याले सारे मजेत असतील, तुमच्या कंबरेतला लचका उतरला असंल. इकडं तुमची ताई, पोरगी अन्नपूर्णा, कपाशी, सारं खुशाल आहे. एक माझं नाक सोडून.

तुम्ही म्हणान, नाकाले काय झालं? सांगतो, पण रागावू नका. आखाडीत तुमचा बैल चांद्या मी कपाशीतलं तण काढाले, डवऱ्यासाठी मागून आणलता (परत करायची गोष्ट पुढं येते, दम धरा). पोळ्याच्या आदल्या सांजेले त्याची खांद शेकली, हळद-लोणी चोळलं अन् रीतीनं जेवणाचं आवतन द्याले उभा राह्यलो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आता हे कानात सांगा असं कोणत्या पोथीत नाई, पण मले वाटलं, सासुरवाडीचा बैल आहे, जरा मानानं सांगावं. तोंड कानापाशी नेलं अन् तेवढ्यात त्याच्या कानावर माशी बसली. त्यानं मान झटकली. शिंगं मीच दुपारभर घासून हौसेनं टोकदार केलती. नाकाचा शेंडा गेला. (चांद्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या जेवला. मी दवाखान्यात पेज पिऊन राह्यलो.)

डॉक्टर पोरसवदा, पण हाताले गुण आहे. त्यानं माझ्या कानातलं नरम हाड काढून नाकाले आधार देला अन् वरून कपाळाची कातडी फिरवून बसवली. पण ती कपाळापासून तोडली नाई, भुवयांपाशी देठ ठेवला. रक्त तिथूनच येते म्हणे, तीन आठवड्यांत नाकानं जीव धरला की देठ कापू. मी म्हटलं, मंग हे आंब्याचं भेटकलमच झालं, धरल्याशिवाय फांदी तोडायची नाई. तो खूश झाला अन् त्यानं मले घरी सोडलं. आता कपाळापासून नाकापर्यंत सोंडेवानी लोंबते देठ, अन् दिवस होते गणपतीचे! शेजारच्या मनकर्णाबाईनं दारातूनच आरती धरली. तुमची ताई त्याहून शहाणी. कपाळाची कातडी नाकावर गेली म्हणून ती गंध नाकाच्या शेंड्यावर लावून राह्यली.

अन् तुम्हीच सुचवलेले हिंगणघाटचे पाहुणे, शोभाबाई अन् त्यांचा पोरगा बंडू, नेमके ह्याच दिवसांत अन्नपूर्णेले पाहाले आले. मी दुपट्ट्यानं तोंड बांधून बसलो. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली, बापाले काही रोग तं नाई? पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्यानं पाहवलं नाई, मी दुपट्टा सोडला. शोभाबाई उठल्या, अंगणातल्या दुर्वा तोडून आणल्या, माझ्या मांडीवर ठेवल्या अन् म्हणाल्या, "सोयरीक पक्की. पण मार्गशीर्षात लग्नाले हेच रूप पाह्यजे." मी घाबरून मान हलवली. (सोंडही हलली. त्यांले तो कौल वाटला.)

डॉक्टर येत्या शुक्रवारी देठ कापणार. लग्नापर्यंत राहू द्या म्हटलं, तं म्हणे, "काका, मंग मोदकही मीच आणू काय?" मधुकरराव, जिवाले चैन नाई. ठेवावी तं जन्माचा हत्ती, कापावी तं पोरीची सोयरीक मोडते. तुमच्या शब्दाले तिथं वजन आहे. शोभाबाईले समजवा.

तुमचा,
रूपराव

ता. क. पत्र अन्नपूर्णेनं वाचलं. म्हणे, "बाबा, सोंडेवर ठरलेलं लग्न मले नाई करायचं. मले तुमचं नाक पाह्यजे." मंग ती रडली, मीही रडलो. (नवं नाक वाहते बरं, म्हणजे कलम धरलं.)

पुन्हा ता. क. पत्र टाकाले निघालो तं बंडू एसटीतून उतरला. त्या दिवशी त्यानं सोंड पाह्यलीच नाई म्हणे, पाहण्यासारखं दुसरं होतं. अन्नपूर्णा आत पळाली. आईले त्यानंच समजावलं, सोंड कापा, सोयरीक कायम. तवा वर लिहिलेलं सारं सोडून द्या, तुम्ही कोणाले काही समजवू नका.

शेवटचं. शोभाबाईनं एकच अट पाठवली. सोंड नाई तं नाई, पण ज्यानं सोंड देली तो बैल आंदणात पाह्यजे. मी हो म्हणून बसलो. चांद्या कोणाचा, हे त्यांले सांगितलं नाई. तुम्ही पोरीचे मामा, तुमाले अजून काय सांगू? तरी नाई म्हणायचं असंल तं खुशाल येजा, अन् चांद्याच्याच कानात सांगजा.