आपल्या घरी

माय, तू त्या दिवशी कोणतं घर म्हणालीस, ते मला अजून कळलेलं नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही. एकदा सुट्टीत मी राजुऱ्याला आले होते, तू जवसाची चटणी कुटत होतीस. "दिवसभर त्या मशीनसमोर काय करून राह्यली वो तू?" मी उत्साहाने सांगायला बसले. आम्ही कंपायलर बनवतो, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम तपासून मशीनला कळेल असा करून देणारा. त्या प्रोग्राममध्ये क्लास नावाचे साचे असतात, एक आईसारखा, दुसरा तिच्या लेकीसारखा. आईची कामं लेकीला आपसूक येतात, वर लेक स्वतःचं काही नवं शिकते. आता आईच्या एका कामात लिहिलंय, काम झालं की स्वतःलाच परत द्यायचं. लेकीने ते केलं की परत लेकच येते. पण आमचा कंपायलर आईचाच शब्द धरून बसतो, आलेली आईच समजतो, आणि लेकीचं नवं काम सांगितलं की म्हणतो, हिला हे येत नाही. तू बत्ता थांबवलास. "त्याले माय आन् पोरगी वेगळी दिसत नाई? मंग तुले पगार काऊन देतेत?" आपण दोघी किती हसलो.

शेवटी आम्ही तिथे एक नवा शब्द घातला. त्याचा अर्थ आई नाही, लेक नाही. जी काम करेल, ती. मराठीत 'आपला' म्हणतो ना, तसा. कंपायलरने तो निमूट मानला, गोंधळले मीच. कारण पुढे, तुझ्या शेवटच्या आजारात, चंद्रपूरच्या दवाखान्यात तू माझा हात धरून म्हणालीस, "मले आपल्या घरी ने." नेणारी मी, म्हणून माझं घर? की राजुऱ्याचं, तुझं? की जिवतीच्या डोंगरातलं, तुझ्या माहेरचं? तिन्ही अर्थ बसतात, आणि हे मला आजही छळतं. मी तुला नागपूरला माझ्या दोन खोल्यांत आणलं, जिथे तू कधी राहायला आली नव्हतीस. तू खिडकीशी पडून असायचीस. तक्रार नाही, बरं वाटतं असंही नाही. तिथेच गेलीस. जिवतीचा मामा अजून म्हणतो, "तिले इथी यायचं होतं." म्हणू दे.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. तू शेवटपर्यंत शुद्धीवर होतीस. 'कोन्तं घर वो माय?' एवढंच विचारायचं होतं, आणि मी मुद्दाम विचारलं नाही. माझं घर तू आपलं म्हणालीस, असं मला वाटून घ्यायचं होतं.